हर्णैची 'सुरमई' आणि आमचे २४५० रुपये

जानेवारीतला रविवार. खेडला बायकोच्या मामांकडे आलो होतो, म्हणून दिवसभरासाठी हर्णैला गेलो. सकाळी होडीने सुवर्णदुर्ग पाहिला. १७५५ साली हा किल्ला तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला, तेव्हा इंग्रजी आरमाराच्या जोडीला पेशवेही होते, आपलेच लोक कसे दगा देतात, असं मोठं व्याख्यान मी मुलाला तटावर उभा राहून दिलं. आणि संध्याकाळी स्वतःच गंडलो.

चार वाजता बंदरावर लिलाव सुरू झाला. होड्या खोल पाण्यात उभ्या आणि मासळीच्या टोपल्या घेऊन बैलगाड्या पाण्यातून वाळूवर येत होत्या. बैलांच्या पोटापर्यंत पाणी. वाळूवर कोळंबी, बांगडे, सौंदाळे यांचे ढीग आणि भोवती माणसांचं कडं. बोली इतकी झटपट चालते की कोणी किती म्हटलं ते नवख्याला कळतच नाही. बायको म्हणाली, मामांना सुरमई आवडते, घेऊन जाऊ.

कड्याबाहेर उभे होतो तेवढ्यात एक तरुण जवळ आला. पंचविशीतला, बोलायला गोड. "दादा, लिलावात बाहेरच्याला माल देत नाहीत. तुमच्या नावाने मी घेऊन देतो." अर्धवट खरं होतं ते. लिलावातला माल ढिगाने जातो, दोन-तीन किलोवाल्याचं तिथे काम नाही. पण शेजारीच किरकोळ विकणाऱ्या बायका वाटे लावून बसल्या होत्या, हे तो बोलला नाही आणि आम्हीही मान वळवून पाहिलं नाही. खरं तर एका मावशींनी हाक मारली होती, "ताई, ये गं, सुरमई बघ." आम्हाला मात्र 'थेट लिलावातली' हवी होती.

पोराने अख्खी सुरमई आणून दाखवली. चकचकीत, अंगावर आडवे पट्टे, कल्ले लालभडक, डोळा स्वच्छ. बायकोने बोटाने दाबून पाहिली, घट्ट होती. साडेतीन किलो, ७०० रुपयांनी २४५०. मी तिथल्या तिथे मोबाइलवरून पैसे पाठवले. स्क्रीनवर आलेलं नाव त्याने सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हतं. विचारलं तर "भावाचं खातं आहे" म्हणाला.

"शेडमागे कापून, बर्फात भरून आणतो, तुम्ही गाडीपाशी थांबा." वीस मिनिटांनी थर्माकोलचा खोका आला, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेला. बायकोने विचारलं, "मुंडकं दिलंय ना? आमटीला हवं होतं." तो म्हणाला, "अरे, ते फेकलं ताई, आधी सांगायचं ना." सुरमईचं मुंडकं बंदरावरचा माणूस फेकेल का? हा प्रश्न आम्हाला दापोली सोडल्यावर घाटात सुचला.

खेडला मामींनी वाटण तयार ठेवलं होतं. मामांनी खोका उघडला, वरचा बर्फ बाजूला केला आणि एक तुकडी उजेडात धरली. साल काढलेली. मांस काळपट तांबडं, कडेला तर जवळजवळ तपकिरी. "साल काढलेली सुरमई कोणी विकतं का रे?" मग हुंगून म्हणाले, "कुपा आहे. तोही आजचा नव्हे." कुपा म्हणजे ट्यूना, सुरमईपेक्षा कितीतरी स्वस्त. साल काढली की पट्टे दिसायचे नाहीत आणि मुंडकं नसलं की कल्ले-डोळे दिसायचे नाहीत. सगळा डाव एवढ्यावरच. बर्फ निथळून मामींनी तुकड्या काट्यावर टाकल्या, तर भरल्या सव्वादोन किलो.

तरी मला वाटलं, कुपा तर कुपा, तळून खाऊ. मामांनी हात धरला. कुपा, बांगडा, सुरमई या जातीची मासळी बर्फाविना पडून राहिली तर अंगावर गांधी येतात, तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. शिजवूनही ते विष जात नाही. खोका परसात पुरला आणि रात्री पिठलं-भाकरी खाल्ली.

मामेभाऊ म्हणाला, ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करून तक्रार कर. पण काय सांगणार? पैसे मी राजीखुशीने पाठवलेले, मासळीही मिळालेली. त्या पोराचा नंबर दुसऱ्या दिवसापासून बंद. बंदराला मी नावं ठेवणार नाही. लिलाव शेकडो डोळ्यांसमोर होतो. आमची फसगत झाली ती शेडमागच्या त्या वीस मिनिटांत, आणि तिथे पाठ फिरवून आम्हीच उभे होतो. मामा म्हणतात, जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा तर 'आजची ताजी सुरमई' म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

मार्चमध्ये पुन्हा गेलो. या वेळी वाट्यावाल्या मावशींसमोर वाळूतच उकिडवा बसलो. घासाघीस केली, त्यांनी ५० रुपये सोडले. डोळ्यांसमोर कोयत्याने तुकड्या पाडल्या, सालीसकट, प्रत्येकीत मधला काटा. पिशवी पुढे केली तर मावशींचा हात थांबला.

"मुंडकं नको होय? आमटी काय पाण्याची करणार?"