अंडी कोंबडीखाली ठेवायची की मशीनमध्ये? विदर्भातल्या ऋतूंच्या हिशेबाने

नवतप्याच्या आधी मी अंडी उबवायच्या मशीनमध्ये 48 अंडी लावली होती. पिल्लं निघाली 9. त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी मातीच्या घरात, चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात एक खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी 11 अंड्यांवर बसवली होती. तिने 8 पिल्लं काढली. मी मशीनला दोष देत बसलो, पण राहिलेली अंडी फोडून पाहिली तेव्हा बहुतेकांत रक्ताचं बारीक कडं दिसलं. म्हणजे अंडी फलित होती, कोंबडा चांगला होता, जीवही धरला होता. तो पहिल्या चार-पाच दिवसांतच मेला. माझी खात्री आहे की घात मशीनमध्ये जाण्याआधीच झाला होता. ती अंडी मी टिनाच्या खोलीत टोपल्यात बारा दिवस जमवत होतो.

म्हणून कोंबडी की मशीन ठरवण्याआधी अंडी कुठे साठवणार, हे ठरवा. कोंबडीने अंडं घालेपर्यंत आतला जीव जवळजवळ एक दिवस वाढलेला असतो. अंडं थंड झालं की तो थांबतो. साधारण 20-21 अंशांच्या खाली ही वाढ पूर्ण थांबते. उबवायच्या अंड्यांना 15 ते 18 अंश उत्तम आणि सात दिवसांच्या आत ती लावावीत. त्यापुढे रोज थोडी थोडी उगवण घटत जाते. 27-28 अंशांत जीव अर्धवट जागा होतो, धड वाढत नाही आणि धड झोपतही नाही. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर 45 अंश असताना टिनाखालचं टोपलं म्हणजे बिनभरवशाचं मशीनच. दुपारी अंडं उबतं, पहाटे निवतं, आणि चार दिवसांत आतला जीव संपतो.

घरात साठवायच्या जागा चार. फ्रिज सगळ्यांना सुचतो, पण 4-5 अंशांत अंडं खायला टिकतं, उबवायला नाही. उघडं फडताळ किंवा शिंकं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तम काम देतं, एरवी नाही. कूलरची खोली कोरड्या उन्हाळ्यात बरी, मात्र वीज गेली की तीही गेली. चौथी जागा माठाची आणि माझा कल तिकडेच आहे. सावलीत एका पसरट टोपलीत रेती भरा, तिच्यात मोठ्या तोंडाचा माठ गळ्यापर्यंत पुरा, रेती सकाळ-संध्याकाळ ओली करा, आत कोरडं कुटार (भुसा) घाला आणि तोंडावर ओलं सुती फडकं टाका. पाणी आत झिरपू देऊ नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हा माठ खोलीपेक्षा बराच गार राहतो. तरीही तो 15-18 अंशांवर येत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी चौथ्या दिवसापुढे अंडी थांबवत नाही. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने माठ निवत नाही, तेव्हा तर दिवस आणखी मोजून घ्या.

अंडी टोकाची बाजू खाली करून ठेवा. सात दिवसांहून जास्त थांबवावी लागली तर रोज एकदा कलवा. पाण्याने धुऊ नका, कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. कोरड्या फडक्याने पुसून जे साफ होईल ते घ्या, बाकी खाण्यात वापरा. गार जागेतून काढलेलं अंडं लगेच उबेला लावलं तर त्यावर घाम येतो, तेव्हा आधी सहा-आठ तास घरात राहू द्या.

आता मूळ निवड.

खुडूक कोंबडीचं मोठं बळ हे की तिला विजेची गरज नाही, अंडी फिरवायला माणूस लागत नाही आणि पिल्लं निघाल्यावर ऊब, राखण, चरायला शिकवणं सगळं तीच करते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात सकाळपासून कोणी नसतं, तेव्हा ही गोष्ट फार मोलाची ठरते. पण तिची किंमतही आहे. 21 दिवस बसणं आणि नंतर पिल्लांसोबत दीड-दोन महिने, एवढा काळ ती अंडी देत नाही. गावरान कोंबडी वर्षाला 50-60 अंडी देते, त्यातला हा मोठा तुकडा जातो. शिवाय ती तुमच्या सोयीने खुडूक होत नाही. वनराजासारख्या सुधारित जातीच्या कोंबड्या तर सहसा बसतच नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका.

कोंबडी बसवायची तर आधी दोन-तीन दिवस तिच्याखाली नेहमीची अंडी ठेवून ती टिकते का पाहा. मग रात्री खरी अंडी सरकवा. नऊ ते अकरा पुरे. थंडीत नऊच, कारण कडेची अंडी उघडी पडून निवतात. प्रत्येकावर पेन्सिलीची खूण करा, नाहीतर दुसरी कोंबडी येऊन तिथेच ताजं अंडं घालते आणि कोणतं कधीचं तो हिशेब बिघडतो. बसवण्याआधी पंखांखाली उवा पाहा. उवांनी हैराण झालेली कोंबडी अठराव्या दिवशीही उठून जाते. ज्वारी आणि पाणी दोन पावलांवर ठेवा. दिवसातून पंधरा-वीस मिनिटं ती उठते, तेवढ्याने काही बिघडत नाही.

मशीनचं बळ संख्येत आहे. अंड्यावर असलेल्या पंधरा-वीस माद्या आणि दर आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा असेल, तर आठवड्याला मशीन भरण्याइतकी ताजी अंडी मिळतात आणि माद्या अंडी देत राहतात. त्याहून कमी माद्या असतील तर मशीन भरण्यासाठी अंडी थांबवावी लागतात, आणि माझ्या 48 अंड्यांचं जे झालं तेच होतं. मशीन अर्धं रिकामं चाललं तरी चालेल, अंडी शिळी करू नका.

पंख्याचं मशीन 37.5 ते 37.8 अंशांवर ठेवावं. पंखा नसलेल्यात अंड्याच्या वरच्या बाजूला 38.5 च्या आसपास धरतात. अठरा दिवस अंडी दिवसातून किमान तीन-चार वेळा फिरायला हवीत, शेवटचे तीन दिवस नाही. आपोआप फिरवणारं मशीन थोडं महाग पडलं तरी तेच घ्या, हा माझा स्पष्ट सल्ला. हाताने फिरवायचं असेल आणि वावरात जावं लागत असेल, तर चौथ्याच दिवशी पाळी चुकते.

आपल्याकडच्या मशीनचा खरा शत्रू थंडी नसून ऊन आहे, हे विकणारा सांगत नाही. लहान मशीन तापवू शकतं, गार करू शकत नाही. खोलीच 42 अंशांवर गेली की आतलं तापमान उतरायला वाटच राहत नाही. 40.5 अंशांच्या वर काही तास गेले की पिल्लं मरतात. उलट डिसेंबरच्या रात्री दोन तास वीज गेली, तर झाकण न उघडता वरून गोधडी टाकली की अंडी बहुधा निभावतात. फक्त हवेची भोकं मोकळी ठेवा. पंधरा दिवसांनंतर अंड्यातलं पिल्लू स्वतः ऊब तयार करतं आणि त्याला हवाही जास्त लागते. तेव्हा पंखा बंद पडला तर पांघरूण न घालता झाकण थोडं सरकवा.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पुस्तकात 50-55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65-70 टक्के लिहिलेलं असतं. मे महिन्यात वाटीतलं पाणी संध्याकाळपर्यंत आटतं, अंडं फार सुकतं आणि पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटतं. श्रावणात नेमकं उलटं: अंडं सुकतच नाही आणि पिल्लू आतल्या पाण्यात गुदमरतं. यावर सोपा उपाय वजनाचा. दहा अंडी एकत्र तोला. 500 ग्रॅम असतील तर अठराव्या दिवशी ती 440 च्या आसपास यायला हवीत. जास्त उतरली तर पाणी वाढवा, कमी उतरली तर वाटी काढून घ्या.

सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहणं दोन्ही पद्धतींत करा. अंडं आरपार स्वच्छ दिसलं तर ते बहुधा फळलंच नव्हतं, कोंबड्याकडे पाहा. रक्ताचं कडं दिसलं तर साठवण किंवा तापमान चुकलं. हे कळल्याशिवाय नवीन मशीन घेण्यात पैसा घालू नका.

तिसरी वाट, दुसऱ्याच्या मशीनमध्ये भाड्याने अंडी लावण्याची. दोन-चार कोंबड्या असणाऱ्यांना ती स्वस्त पडते. पण दुचाकीवर धक्के खाऊन गेलेली अंडी टोक खाली करून बारा ते चोवीस तास स्थिर ठेवूनच लावायला सांगा. आणि अनेक घरांची अंडी एकाच मशीनमध्ये उबवली जात असतील, तर तिथून पिल्लांसोबत रोगही येऊ शकतो. पिल्लं आठ दिवसांची व्हायच्या आत मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस द्या.

माझ्या घरी आता हे असं चालतं: दिवाळीनंतर ते होळीपर्यंत दोन खुडूक कोंबड्या आणि मशीन एकाच दिवशी लावतो. मशीनची पिल्लं वाळली की रात्री अंधारात त्या कोंबड्यांखाली सरकवतो. पहिल्या एक-दोन दिवसांतली पिल्लं त्या सहज आपली म्हणून घेतात आणि बल्बची गरज बरीच कमी होते. जुलैपासून मशीन एकटं चालतं. एप्रिल ते मृग लागेपर्यंत मी मशीन बंद ठेवतो आणि अंडी विकून टाकतो. त्या दिवसांत एखादी कोंबडी स्वतःहून खुडूक झालीच, तर काकूंच्या मातीच्या घरात नेऊन बसवतो.