दहा फुटी झाड की हातभर रोप : सतरा महिन्यांचा अनुभव

साताऱ्यात घर बांधून झालं तेव्हा आवारात मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा सोडून काही नव्हतं. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात इतकी तापायची की रात्री नऊलाही हाताला धग लागायची. सावली लवकर हवी म्हणून जून २०२४ मध्ये नर्सरीतून दहा फूट उंचीचे दोन कडुनिंब आणले, बावीसशे रुपयांना एक. सोबत पिशवीतली दोन फुटी रोपं, एक ताम्हण आणि एक बकुळ. ती साठ-सत्तर रुपयांना मिळाली. आता विचाराल तर मुळं बघितल्याशिवाय उंचीचे पैसे मी पुन्हा देणार नाही.

झाडं निवडताना घरात बरीच चर्चा झाली. बायकोला गुलमोहर हवा होता. फुलतो सुंदर, पण मूळचा मादागास्करचा हा वृक्ष उथळ मुळांचा आणि ठिसूळ लाकडाचा. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या रस्त्यावर पडलेल्या दर वर्षी बघतो. उंबर आप्पांच्या मनात होता, पण पाण्याची टाकी जमिनीखाली आहे आणि तिला केसाएवढी भेग असली तरी उंबराचं मूळ आत शिरतं. सप्तपर्णी मीच नको म्हटलं. मागच्या गल्लीत एक आहे, ऑक्टोबरात संध्याकाळी त्याच्या वासाने डोकं जड होतं. कडुनिंबावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. त्याची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकते आणि ऐन उन्हाळ्यात तो हिरवागार असतो. पश्चिमेला असंच झाड हवं.

जागा ठरवताना घाई करू नका. शहरी हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे, स्वतःच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. आम्ही भिंतीपासून पंधरा फूट सोडले, वर विजेची तार नाही ना ते पाहिलं, शौचालयाच्या टाकीची बाजू टाळली. तीन बाय तीन बाय तीन फुटांचे खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू दिले, मग पोयटा माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून भरले.

पहिल्या पावसाळ्यात दोन्ही कडुनिंब छान दिसत होते. या वर्षी मार्चमध्ये एकाचा शेंडा वाळायला लागला. पाणी वाढवलं, तरी एप्रिलच्या शेवटी निम्मं झाड काळं पडलं. शेवटी माळीकाकांना बोलावून उकरलं. आत लाल चिकणमातीचा गोळा जसाच्या तसा, विटेसारखा कडक. मी त्यावर खुरपं मारलं तर टणकन उडालं. मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली, दोरीच्या वेटोळ्यासारखी. दहा महिन्यांत एकही मूळ आमच्या मातीत उतरलं नव्हतं. मी घातलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने खाली निघून जात होतं.

"साहेब, झाड घेताना वर बघू नका, पिशवी फाडून खाली बघा," काका म्हणाले. हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. नर्सरीवाल्याने तर पिशवी फाडा एवढंच सांगितलं होतं. गोळा हलक्या हाताने फोडून गुंडाळलेली मुळं कात्रीने कापून मोकळी करायची असतात, हे त्याच्या तोंडून निघालं नाही.

दुसरा कडुनिंब वाचला, पण त्यात माझी चूक सापडली. बांबूला बांधलेली सुतळी वर्षभर सोडलीच नव्हती. बुंधा वाढला आणि सुतळी सालीत बोटभर रुतली. आता ज्यूटची रुंद पट्टी इंग्रजी आठच्या (8) आकड्यात सैल बांधली आहे आणि दर दोन महिन्यांनी सोडून बघतो. साल भरून येतेय, पण वण दिसतो. पावसाळ्यानंतर बुंध्यावर वाळवीची मातीची वाट दिसली, ती खरवडून गेरू लावला.

ताम्हणाचं काय सांगू! राज्यफूल म्हणून हौसेने लावलं होतं. ओढ्या-नाल्याकाठचं झाड, त्याला पाणी आवडतं, म्हणून गच्चीवरच्या टाकीचं ओसंडणारं पाणी येतं तिथे लावलं. दोन फुटांचं रोप आज साडेसहा फुटांवर आहे, नवी पालवी तांबूस, बुंधा अंगठ्यापेक्षा जाड. बकुळ संथ आहे, जेमतेम साडेतीन फूट, पण एकदाही मान टाकली नाही.

पाणी कसं द्यायचं हेही उशिरा कळलं. रोज बादलीभर पाणी बुंध्यात ओतलं तर मुळं वरच घुटमळतात. आता बुंध्यापासून दोन फुटांवर गोल आळं करून आठवड्यातून एकदा तीन-चार बादल्या सावकाश मुरवतो आणि वर वीतभर पालापाचोळा पसरतो. मे महिन्यातही पाचोळ्याखाली बोट घातलं की ओल लागायची.

मेलेल्या कडुनिंबाच्या खड्ड्यात या जूनमध्ये आजोळच्या जुन्या निंबाखाली उगवलेलं वीतभर रोप लावलं. आईने मुळाभोवतीच्या मातीसकट ओल्या फडक्यात गुंडाळून दिलं होतं. काल मोजलं, माझ्या कमरेला लागतंय.