बशीच्या आकाराचा हमिंगबर्ड फीडर : दोन हंगामांच्या वापरानंतर

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या परसात एप्रिलच्या अखेरीस पहिला हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला मध पिणारा एक चिमुकला पक्षी, दिसतो आणि सप्टेंबर सरता सरता शेवटचा निघून जातो. मधल्या पाच महिन्यांत त्याला जवळून पाहता यावे आणि जमल्यास छायाचित्रही घेता यावे, एवढ्यासाठी मी गेल्या वर्षी बशीच्या आकाराचा फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरपाणी ठेवण्याचे टांगते भांडे, सुमारे २५ डॉलरना घेतला. त्याआधी तीन वर्षे आमच्याकडे उलट्या बाटलीचा फीडर होता. तो दिसायला देखणा होता. पण जुलैच्या उन्हात बाटलीतली हवा तापून फुगली की साखरपाणी आपोआप खाली गळू लागे, ओट्यावर चिकट थारोळे साचे आणि पक्ष्यांच्या आधी मुंग्या व गांधीलमाश्या पंगतीला बसत. शिवाय बाटलीचे तोंड इतके अरुंद होते की आत धरलेल्या काळ्या बुरशीपर्यंत कोणताही ब्रश पोहोचत नसे.

नव्या फीडरमध्ये या तिन्ही तक्रारींचा विचार केलेला दिसतो. खाली सुमारे ३५० मिलिलिटरची उथळ पारदर्शक बशी, वर चार छिद्रांचे लाल झाकण आणि मधोमध पाणी भरण्याची लहानशी खोलगट वाटी, एवढीच त्याची रचना आहे. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवण्याची आपल्या घरांतील जुनी युक्तीच इथे उलटी करून वापरली आहे: फीडर टांगलेल्या सळईवरून उतरणाऱ्या मुंगीला आधी ही वाटी लागते आणि तिथेच तिची वाट संपते. साखरपाणी छिद्रांच्या बरेच खाली राहत असल्यामुळे माश्यांचे तोंड तिथवर पोहोचत नाही, हमिंगबर्डची लांब जीभ मात्र सहज पोहोचते.

तथापि, माझ्या मते या फीडरचा खरा कस मोरीत लागतो. साखरपाणी उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते; झाकण एका हाताने निघते, बशी ताटासारखी घासता येते आणि सगळे काम पाच मिनिटांत उरकते. प्रमाण सोपे आहे: एक वाटी साधी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी. लाल रंग घालण्याची काहीच गरज नाही, कारण पक्ष्याला बोलावण्याचे काम झाकणाचा रंग करतो. ‘साखरेपेक्षा गूळ बरा’ असा सल्ला मला आमच्या मित्रमंडळींत एकदा नव्हे, अनेकदा मिळाला आहे; परंतु गुळातले लोह या पक्ष्यांना बाधते आणि मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते, त्यामुळे दोन्ही टाळावे.

अमेरिकेच्या पूर्व भागात विणीसाठी येणारी हमिंगबर्डची एकच जात आहे, ती म्हणजे रुबी-थ्रोटेड, अर्थात माणकासारख्या लाल गळ्याची. वजन जेमतेम ३ ग्रॅम, पंखांची फडफड सेकंदाला ५० च्या आसपास. गेल्या जूनमध्ये साताऱ्याहून आलेली माझी आई पहिल्या दिवशी काचेच्या दारातून पाहत म्हणाली, “अरे, हा तर आपला शिंजीरच!” शिंजीर हा आपल्याकडचा चिमुकला पक्षी बहुधा फुलाजवळ बसून मध पितो, हा मात्र हवेत एका जागी थांबला, छिद्रात चोच घालून प्याला आणि मग तोंड न वळवता सरळ मागे सरकला. आई काही क्षण बोललीच नाही. त्यानंतर रोज सकाळचा चहा तिने त्या दारापाशीच घेतला.

छायाचित्रणासाठी मात्र या फीडरची एक गोष्ट आड येते. झाकणाभोवती बसण्यासाठी दिलेल्या कड्यावर पक्षी निवांत टेकतो, पंख मिटून पितो, आणि चित्रात खेळण्याजवळ ठेवलेल्या खेळण्यासारखा दिसतो. सुदैवाने हे कडे काढता येते. मी ते काढले, चारपैकी तीन छिद्रांवर चिकटपट्टी लावली आणि फीडर दारापासून साडेतीन मीटरवर, मागची झुडपे बरीच दूर राहतील असा टांगला. प्रत्येक घोटानंतर पक्षी वीतभर मागे येऊन तरंगतो. त्या रिकाम्या जागेवर आधीच फोकस धरून ठेवला की लाल प्लॅस्टिक चौकटीबाहेर राहते. सेकंदाच्या १/३२०० शटर स्पीडलाही पंखांची टोके किंचित पुसट येतात, आणि मला ती तशीच आवडतात. ज्यांना पीस न् पीस हवे आहे त्यांनी सावलीत फ्लॅश अगदी कमी शक्तीवर वापरावा, कारण शक्ती कमी केली की लखलखाटाचा अवधीही कमी होतो. एमआयटी या अमेरिकेतील तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक आणि अतिवेगवान छायाचित्रणाचे प्रणेते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात अशाच क्षणिक प्रकाशात हमिंगबर्डचे पंख थांबवून दाखवले होते. नराच्या गळ्याचा लाल रंग पिसांच्या रचनेतून उमटतो, त्यामुळे प्रकाशाचा कोन चुकला की तोच गळा काळा दिसतो. माझ्या शंभर चित्रांत लाल गळ्याची चित्रे कशीबशी चार निघाली.

उणिवाही आहेत. एका उन्हाळ्यात झाकणाचा लाल रंग फिका गुलाबी पडला, सळईचा आटा सैल झाला, आणि जोराच्या वाऱ्यात उथळ बशी हिंदकळून साखरपाणी सांडते. मुंग्यांची वाटी कडक उन्हात दुसऱ्या दिवशीच कोरडी पडते, त्यामुळे ती विसरून चालत नाही. शिवाय एकच नर फीडरवर हक्क सांगून बाकीच्यांना हुसकावतो; हा दोष वस्तूचा नव्हे, स्वभावाचा आहे, पण त्यावर उपाय म्हणून घराच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या नजरेआड, दुसरा फीडर लावावा लागला. तोही मी याच प्रकारचा घेतला.

नर आधी निघून जातात. सप्टेंबरच्या शेवटी येतात ती बहुतेक त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले असतात, आणि मेक्सिको किंवा मध्य अमेरिकेचा आपला पहिला प्रवास ती एकेकटीच करतात. त्यांच्यासाठी मी अर्धी बशी भरून ठेवतो. शेवटचा पक्षी दिसल्यावर आणखी दोन आठवडे थांबतो आणि मगच फीडर धुऊन, वाळवून गराजमधल्या फळीवर ठेवतो.