कुपवाड एमआयडीसीतलं कंट्रोल व्हॉल्व्ह वर्कशॉप: चार ऑफ-सीझनचा अनुभव

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. बॉयलरच्या फीड वॉटर लाइनवरचा आमचा चार इंची कंट्रोल व्हॉल्व्ह (सिग्नलप्रमाणे कमी-जास्त उघडणारा) या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आणला तो चार वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, गाळप संपल्या संपल्या. त्याआधी दोन वर्षं तो दुसरीकडं जायचा. परत यायचा तेव्हा रंग नवाकोरा, पण डिसेंबर उजाडेपर्यंत हंटिंग, म्हणजे एका जागी न थांबता सतत उघडझाप, सुरू. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल खालीवर, रात्री दोनला बॉयलरवरून फोन, मग व्हॉल्व्ह बायपास करून माणूस हातानं लेव्हल सांभाळत बसायचा. ज्यानं ते काम केलंय त्याला विचारा, चहा प्यायला उठता येत नाही.

इथल्या मिस्त्रींनी व्हॉल्व्ह आल्याबरोबर खोलला नाही, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात आवडली. आधी हवा जोडली, पोझिशनरला (सिग्नलप्रमाणे हवा देऊन व्हॉल्व्ह हलवणारा भाग) कॅलिब्रेटर (ठरावीक सिग्नल देणारं यंत्र) लावला आणि ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर असं चढवत नेलं, तसंच उतरवत आणलं. स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, किती सरकतो ते बघायला त्याला डायल गेज. १२ हा मधला आकडा, तिथं व्हॉल्व्ह बरोबर निम्मा उघडायला हवा. चढताना ४६ टक्के आला, उतरताना ५५. "ग्लँड आवळून आवळून स्टेम धरलाय तुम्ही," म्हणाले.

खरं होतं. ग्लँड म्हणजे स्टेमभोवतीचं पॅकिंग (गळती रोखणाऱ्या रिंगा) दाबून धरणारा भाग. तिथून थेंब दिसला की आम्ही नट अर्धा फेरा आवळायचो. त्यानं स्टेम अडकतो, पोझिशनर हवा वाढवत जातो, मग स्टेम एकदम उडी मारून पुढं जातो आणि लेव्हल वर जाते. की परत उलट दिशेनं तेच. आम्ही दोन हंगाम पीआयडीचे, म्हणजे कंट्रोलरच्या सेटिंगचे, आकडे बदलत बसलो होतो आणि दुखणं पॅकिंगमध्ये होतं.

मग खोलला. प्लग (पाणी अडवणारा भाग) सीटवर टेकतो त्या कडेवर माझंच बोट धरून फिरवलं. एका जागी नख अडकलं. केसाएवढी खाच, पण आरपार. कमी लोडवर आमचा व्हॉल्व्ह दहा टक्क्यांच्या आसपासच उघडा राहायचा. तेवढ्या फटीतून जोरानं जाणारं पाणी धातू कापतं, आणि खाच एकदा पडली की ती वाढतच जाते. बॉयलर पेटवताना मोठ्या व्हॉल्व्हवर न घेता लहान बायपासवर घ्या, हे त्यांनी सांगितलं आणि तेव्हापासून आम्ही तसंच करतो.

स्टेमवर उभ्या रेघा होत्या. अशा स्टेमवर नवं पॅकिंग घातलं तर ते महिन्याभरात कुरतडलं जाणार, म्हणून स्टेम बदलला. ग्रॅफाइटच्या रिंगा एकेक करून बसवल्या, प्रत्येकीचा काप आधीच्या कापासमोर येणार नाही असा. प्लग आणि सीटचं लॅपिंग (एकमेकांवर घासून नीट बसवणं) हातानं: थोडं इकडं, थोडं तिकडं, उचलायचा, जागा बदलून परत. शेवटी ब्लू (दोन्ही कुठं टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावून बघितलं तर गोल रेघ कुठंही तुटलेली नव्हती. लीक टेस्ट माझ्यासमोर झाली, क्लास फोर या गळतीच्या दर्जाची. त्यात पूर्ण क्षमतेच्या ०.०१ टक्क्यापर्यंत गळती चालते, आमची त्याच्या बरीच आत होती. बॉनेटचं (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट नवं, नट टॉर्क रेंचनं समोरासमोरचे आवळले.

बसवायला माणूस पाठवतात, त्याचे पैसे वेगळे. पण द्या. दुसऱ्या वर्षी आम्ही नव्या लाइनचं वेल्डिंग करून घेतलं आणि ठेकेदारानं व्हॉल्व्ह आधीच जोडून ठेवला होता. फ्लशिंगला (लाइन पाण्यानं धुताना) वेल्डिंगचा स्लॅग (वितळून कडक झालेली खपली) थेट केजमध्ये, म्हणजे प्लगभोवतीच्या पिंजऱ्यात. हरभऱ्याएवढा तुकडा, व्हॉल्व्ह बंदच होईना. यांचा माणूस आधी व्हॉल्व्हच्या जागी पाइपचा तुकडा टाकायला लावतो, लाइन फ्लश करून घेतो, स्ट्रेनर (लाइनमधली गाळणी) साफ करतो आणि मगच व्हॉल्व्ह चढवतो, बॉडीवरचा बाण बघून. एअर फिल्टर रेग्युलेटरचा ड्रेन उघडून तळहातावर धरतो. आमच्याकडं पाणी निघालं. ते पाणी पोझिशनरमध्ये गेलं असतं तर बारीक छिद्रं बुजून परत तोच तमाशा झाला असता.

तक्रारीही आहेत. दिलेली तारीख पाळत नाहीत. गेल्या वर्षी दहा दिवस उशीर झाला आणि इकडं बॉयलरच्या टेस्टची तारीख ठरलेली होती. सीट रिंग मूळ कंपनीची वेळेत आली नाही तर स्वतः बनवतात. विचारून आणि सांगून बनवतात हे खरं, पण मटेरियलचं सर्टिफिकेट मागितल्याशिवाय देत नाहीत, ते मागून घ्याच. रिपोर्ट हातानं लिहिलेला असतो. आकडे मात्र आधीचे आणि नंतरचे दोन्ही असतात, मी चारही वर्षांचे पॅनेलच्या दारामागं चिकटवलेत.

माझ्या व्हॉल्व्हला स्टेम धरून १८,५०० आणि वर जीएसटी लागला. आधीच्या ठिकाणापेक्षा जास्तच. पण त्यानंतरच्या हंगामांत या व्हॉल्व्हसाठी मला रात्री उठावं लागलेलं नाही.

काम द्यायचं तर मे संपायच्या आत द्या. ऑगस्टनंतर आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांचे व्हॉल्व्ह इथं येऊन पडतात आणि लॅपिंगला बसणारे मिस्त्री एकच आहेत.