गुडघा पुन्हा बदलायचाय: आधी वजन की आधी ऑपरेशन?

माझ्या आत्याच्या गुडघ्याची वाटी अकरा वर्षांपूर्वी बदलली. गेल्या पावसाळ्यात तोच गुडघा पुन्हा दुखायला लागला. घर लालबागच्या चाळीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर. एक डॉक्टर म्हणाले, वजन उतरवून या. दुसरे म्हणाले, थांबू नका. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, पण आधी विचारायला हवं होतं ते वेगळंच: बसवलेला सांधा बिघडला कशामुळे?

सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल किंवा सांध्यालगतचं हाड मोडलं असेल, तर वजनासाठी महिनोन्‌महिने थांबणं धोक्याचं. संसर्गात बरेचदा दोन ऑपरेशनं लागतात: आधी जुना सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट बसवतात, काही आठवड्यांच्या औषधानंतर नवा सांधा. सांधा नुसता सैल झाला असेल आणि एक्सरेत हाड झपाट्याने झिजताना दिसत नसेल, तर तीन-चार महिने हाताशी असतात. म्हणून सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), गुडघ्यातल्या पाण्याची तपासणी आणि जुने-नवे एक्सरे शेजारी ठेवून पाहणं, हे झाल्याशिवाय तारीख घेऊ नका.

एवढ्या वजनावर लगेच ऑपरेशन केलं तर मोठी भीती संसर्गाची. चरबीच्या जाड थराला रक्तपुरवठा कमी, जखम उशिरा भरते, आणि दुसऱ्यांदाचं ऑपरेशन मुळातच जास्त वेळ चालतं. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याची शक्यताही वाढते. नव्या सांध्याच्या नडगीकडच्या भागावर भार जास्त येतो, म्हणून सर्जन बरेचदा हाडाच्या पोकळीत लांब दांडी घालून पकड वाढवतात. मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. तरीही लठ्ठ माणसाला फायदा होत नाही, असं मुळीच नाही. दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं. वजनाच्या आकड्यावरून कुणाला दारातून परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

थांबण्यात लाभ आहे तो असा: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. पण ज्याला गॅलरीतून संडासापर्यंत जाताना भिंत धरावी लागते, त्याला ‘रोज चाला’ सांगून काय उपयोग? वजन उतरवायचं ते ताटातून, आणि उपाशी राहून नाही. प्रथिनं कमी पडली तर जखमच भरत नाही. जाड माणसाच्या रक्तातही अल्ब्युमिन हे प्रथिन कमी निघू शकतं. डाळ, अंडी, मासे, ताक ताटात राहू द्या. भात आणि चहातली साखर कमी करा. वजन उतरवण्याची, दर आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं डॉक्टरांच्या सल्ल्याने घेत असाल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, कारण त्या इंजेक्शनांमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

आत्याच्या गुडघ्यातलं पाणी स्वच्छ निघालं, सांधा फक्त सैल होता. डॉक्टरांनी चार महिने दिलेत, मधे एक एक्सरे. काटा आता ९१ वर आहे. भाजीसाठी ती खाली उतरत नाही. गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडते. पुढचा एक्सरे दिवाळीनंतर.