शहरातली शंभरी: बंद रस्त्यांवर, ब्रेव्हेत की ग्रुपबरोबर?

"सायकलवर पन्नास-साठ किलोमीटर एकट्याने होतात. आता शहरातली एखादी लांब राइड सगळ्यांबरोबर करायची आहे. कुठे नाव देऊ?" असं विचारणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यांत सोपी कोणती?" सोपी त्यातली एकही नाही. प्रत्येक प्रकार वेगळ्या जागी दमवतो इतकंच. म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो: मागे पडलात तर काय होईल? याचं उत्तर तिन्ही प्रकारांत इतकं वेगळं आहे की बाकीची तुलना त्यापुढे किरकोळ वाटते.

पहिला प्रकार म्हणजे एक दिवस रस्ते गाड्यांना बंद करून हजारो लोकांनी केलेली राइड. दुसरा ब्रेव्हे, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात, आपलं आपण पूर्ण करायचं. आणि तिसरा, वीस-तीस जणांचा ग्रुप, चालू रहदारीतून, सगळे सिग्नल पाळत (निदान पाळायचं ठरवून) केलेली शंभरी, म्हणजे शंभर किलोमीटर.

आधी सिग्नलचा हिशेब

शहरात नुसत्या अंतरावर जाऊ नका. ताशी २५ किमी वेगाची सायकल थांबवलीत आणि पुन्हा त्याच वेगाला आणलीत, तर जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात तुम्ही सायकलसकट साधारण अडीच मीटर चढून गेला असता. तुमचं वजन कितीही असो, हा आकडा बदलत नाही. वेग मात्र ३० वर नेलात तर अडीचाचे साडेतीन मीटर होतात. म्हणजे शंभर किलोमीटरमध्ये शंभर वेळा थांबलात तर सपाट शहरातही जवळजवळ अडीचशे मीटरचा चढ पायांत गेला. शिवाय हा चढ सलग नसतो. दर वेळी उभं राहून झटका द्यावा लागतो आणि मांड्या सत्तर-ऐंशी किलोमीटरनंतर त्याची वसुली करतात. प्रत्येक थांबा अर्ध्या मिनिटाचा धरला तरी ५० मिनिटं नुसती एक पाय टेकून उभं राहण्यात जातात.

बंद रस्त्यांवर हा हिशेब लागूच होत नाही. ब्रेव्हेचा बराचसा मार्ग शहराबाहेर जातो, त्यामुळे सिग्नल मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी लागतात. सुरुवातीचे पहाटे लागतात, त्यांचं काही वाटत नाही. शेवटचे मात्र संध्याकाळच्या गर्दीत, डोकं बधिर झालेलं असताना लागतात. ग्रुप राइडमध्ये शंभरचे शंभर तुमच्या वाट्याला. त्यामुळे महामार्गावर शंभर किलोमीटर केलेला माणूस शहरातल्या ऐंशीला गळपटतो तेव्हा मला नवल वाटत नाही.

बंद रस्ते: गाड्या नाहीत, पण माणसं आहेत

न्यूयॉर्कची फाइव्ह बरो बाइक टूर या प्रकारातलं ठळक उदाहरण. १९७७ साली अडीचशेच्या आसपास लोकांनी सुरू केलेल्या या राइडमध्ये आता ३२ हजारांच्या घरात लोक असतात. शहराचे पाचही विभाग, सुमारे ६४ किमी, पूर्ण मार्गावर गाड्यांना मज्जाव. एरवी जिथे सायकल न्यायची सोय नाही अशा व्हेराझानो-नॅरोज पुलावरून शेवटी पलीकडे उतरायचं. केप टाउनची सायकल टूर १९७८ पासूनची. तिचं अंतर १०९ किमी आणि वेळ घड्याळावर मोजतात. २०१७ साली ती वाऱ्यामुळे रद्द करावी लागली होती, कारण सायकली हातात धरून उभं राहणंही कठीण झालं होतं. बंद रस्ते म्हणजे सगळं आपल्या ताब्यात, या भ्रमावर हा चांगला उतारा आहे.

अशा राइडला जाणाऱ्यांना वाटतं की धोका संपला. गाड्यांचा संपतो, शेजारच्या सायकलचा सुरू होतो. फोटो काढायला अचानक ब्रेक लावणारे, पाण्याचं टेबल दिसताच डावीकडचे उजवीकडे येणारे, आयुष्यात पहिल्यांदा वीस किमीच्या वर चाललेले, सगळे तुमच्या भोवती. रुंद रस्ता जिथे अरुंद होतो तिथे राइड चक्क चालत पुढे सरकते. वेगाची हौस असेल तर पहिल्या तुकडीत नाव मिळवा, नाहीतर घड्याळ खिशात ठेवा. पुढच्या माणसाच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडू देऊ नका. त्याने जरा दिशा बदलली की पडता तुम्ही, त्याला कळतही नाही.

मागे पडलात तर? इथे उत्तर सौम्य आहे. रस्ते ठरावीक वेळी पुन्हा खुले करायचे असतात, म्हणून शेवटून एक गाडी येते. तुम्ही सायकलसकट तिच्यात बसता, किंवा कडेने आपल्या जबाबदारीवर पुढे जाता. हिरमुसायला होतं, पण रस्त्यात कुणी एकटं सापडत नाही. ज्याला शंभर किलोमीटर पचतील की नाही याचीच शंका आहे त्याने इथून सुरुवात करावी.

ब्रेव्हे: घड्याळाशी एकट्याचा करार

ब्रेव्हेचे आकडे साधे आहेत. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे ताशी १५ सुद्धा नाही, हे ऐकून लोक हसतात. पण हे घड्याळ पंक्चर काढताना, जेवताना, कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर) सही घेताना, चुकलेला रस्ता परत येताना थांबत नाही. चालता वेग २० ठेवलात तर दहा तास पायडल आणि साडेतीन तास बाकी सगळं. एवढे पुरतात, पण दर थांब्यावर अर्धा-अर्धा तास गप्पा मारल्या तर पुरत नाहीत.

दोन कंट्रोलच्या मध्ये कुणाची गाडी मदतीला येऊ शकत नाही. नियमच तसा आहे. अंधारासाठी दिवे आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं. शर्यत नाही, पहिला-दुसरा नाही. वेळेत आलेले सगळे सारखे. त्यामुळे मागे पडण्याची लाज इथे अजिबात नाही, पण मागे पडल्यावर सोबतही नाही. रात्री आठ वाजता, शेवटचे पंचवीस किमी उरलेले, ट्यूब बदलायची आहे आणि हात थरथरताहेत: हे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्यात स्वतःला पाहून मजा वाटली तर ब्रेव्हे तुमच्यासाठी आहे. पोटात गोळा आला तर यंदा नको.

यामागे एक गंमतशीर इतिहास आहे, आणि तो आपल्या तिसऱ्या प्रकाराशी जोडलेला आहे. १९०४ मध्ये फ्रान्समध्ये ऑडॅक्स नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड सुरू झाल्या तेव्हा त्या ग्रुपनेच करायच्या होत्या. पुढे एक कॅप्टन, त्याने धरलेला वेग, आणि त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. नंतर भांडण झालं आणि ऑडॅक्स क्लब पॅरिसियनने १९२१ पासून ज्याने-त्याने आपल्या वेगाने जायची पद्धत काढली. आजची ब्रेव्हे ती. कॅप्टनमागे ठरलेल्या ताशी साडेबावीसने जायची जुनी पद्धतही युरोपात अजून टिकून आहे. म्हणजे एकटं की सगळ्यांबरोबर हा वाद तुमच्या-माझ्यापेक्षा बराच जुना आहे.

ग्रुप राइड: इथे जास्त विचार करा

तिन्हींत फसवा प्रकार हाच. कारण ग्रुपबरोबर गेलं की सोपं जातं अशी समजूत. मोकळ्या रस्त्यावर ताशी तीसच्या पुढे पुढच्या माणसाच्या आडोशाला राहिलात तर पाव भागाहून जास्त श्रम वाचतात, हे खरं. शहरात वेग वीस-बावीसवर अडकतो, वाऱ्याचा अडथळाच कमी असतो, त्यामुळे बचत थोडी. त्या थोडक्यासाठी पुढच्याच्या चाकाला चिकटलात तर खड्डा दिसतो तो तुमच्या चाकाखाली आल्यावर. मी शहरात एका सायकलभर अंतर ठेवतो आणि आडोसा सोडून देतो.

दुसरी गोष्ट शेपटीची. ग्रुप लोहाराच्या भात्यासारखा मिटतो आणि उघडतो. पुढच्याने वळणावर जरासा वेग कमी केला की विसाव्या माणसाला ब्रेक दाबावा लागतो. पुढचा पुन्हा सुटतो तेव्हा विसावा अजून वळणावरच असतो आणि त्याला अंतर भरून काढायला धापा टाकत पळावं लागतं. शंभर किलोमीटरमध्ये हे शेकडो वेळा होतं. "मी मागेच राहतो, आरामात येईन" असं म्हणणारा नवखा म्हणूनच सगळ्यांत आधी संपतो. दमत असाल तर पुढून तिसरे-चौथे जा. उद्धट दिसतं, पण टिकता येतं.

तिसरी गोष्ट सिग्नल. वीसपैकी नऊ पार झाले, अकरा अडकले. आता शेपटीतल्या माणसाच्या मनात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: पिवळा आहे, निघतो, नाहीतर मागे राहीन. माझ्या डोळ्यांसमोर दोन पडझडी अशाच झाल्या आहेत, आणि दोन्ही वेळी पडणारा माणूस एरवी अतिशय सावध होता. मागे पडण्याची भीती शहाण्यालाही लाल दिव्यात ढकलते.

म्हणून ग्रुप निवडताना "नो ड्रॉप" या शब्दांवर विश्वास ठेवू नका. कुणालाही सोडून जाणार नाही असं सगळेच लिहितात. एक छोटी राइड त्यांच्याबरोबर करा आणि पहिल्या सिग्नलला पुढारी काय करतो ते पाहा. पलीकडे कडेला थांबून मागच्यांची वाट पाहिली, तर शंभरीला बिनधास्त जा. नुसता वेग कमी करून मान मागे वळवून पाहिलं, तर विचार करा. पाहिलंच नाही, तर तो ग्रुप नव्हे, एकाच दिशेला चाललेली माणसं आहेत. शेवटच्या माणसाबरोबर राहायला नेमून दिलेला कुणी (स्वीप) आहे का, त्याच्याकडे पंप आणि सुट्ट्या ट्यूब आहेत का, हेही विचारा. वेग सांगितला असेल तर तो चालता वेग की थांब्यांसकटचा, हेही. ताशी २२ चालता म्हणजे थांब्यांसकट सतरा-अठरा, आणि ताशी २२ थांब्यांसकट म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी भलताच वेग.

रस्त्याबद्दल दोनच सूचना. उभ्या गाड्यांपासून हाताभर नव्हे, दारभर लांब चाला. आणि ट्रामचे रूळ असतील तर ते शक्य तितके काटकोनात ओलांडा, पावसात तर नक्कीच. पुढचा तिरका गेला म्हणून आपणही तिरकं जायचं नाही.

तयारीत फरक किती?

फार नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, भूक लागायची वाट न पाहता. बंद रस्त्यांवर टेबलं असतात, ब्रेव्हेत स्वतः वाहायचं, ग्रुपमध्ये मात्र तुम्हाला हवं तेव्हा कुणी थांबत नाही म्हणून चालता चालता खायला शिका. एका हाताने सायकल सरळ ठेवता येत नसेल तर ग्रुपच्या आधी तेवढा सराव करा. सरावाच्या लांब राइड्सपैकी निदान दोन शहरातल्याच असू द्या, सिग्नलांसकट.

माझा कौल विचाराल तर असा. आयुष्यातली पहिली शंभरी असेल तर बंद रस्ते. पंक्चर स्वतः काढता येतं, एकटेपणा आवडतो आणि रात्रीचा अंधार खुपत नाही, तर थेट ब्रेव्हे. मधली पायरी हवीच असं नाही. ग्रुप राइड मी दोन्हींच्या नंतर सांगेन, जरी सगळे आधी तिकडेच जातात. अपवाद एकच: तो सिग्नलपलीकडे थांबणारा पुढारी तुम्हाला सापडला असेल, तर बाकीचं सगळं विसरून त्याच्यामागे जा.

आणि नाव देण्याआधी शेवटचा ठिपका नकाशावर पाहा. लंडनहून जुलैच्या पौर्णिमेच्या आसपास रात्रभर चालणारी डनविच डायनॅमो सुमारे १८० किमी जाऊन समुद्रकिनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात संपते, आणि त्या गावाला रेल्वे स्टेशनच नाही. ब्रेव्हे बहुतेकदा जिथून निघाली तिथेच परत येते, ग्रुपही तसाच. बंद रस्त्यांच्या राइडचं काही सांगता येत नाही. माझ्या पहिल्या शंभरीला शेवटची रेघ शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. गळ्यात मेडल होतं, रस्ते खुले झाले होते, आणि घर अजून चौदा किलोमीटर लांब होतं. त्या चौदांत मी अकरा सिग्नल मोजले.