ठासणीच्या बंदुकीसाठी पितळी कॅपर: वापरानंतरचे मत

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात भात, नागली आणि वरईच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक बाळगणाऱ्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. मी राहतो नाशिक शहरात, परंतु आमची भातशेती पेठ तालुक्यात आहे आणि कापणीच्या दिवसांत रात्रीची राखण चुकत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकरावरही गोळी झाडता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे बहुतेक वेळा नुसता आवाजाचाच बार काढला जातो. तरीही त्या बारालाही टोपी, म्हणजे घोड्याच्या (बंदुकीच्या हातोडीच्या) आघाताने पेटून आतली दारू पेटवणारी धातूची इवलीशी वाटी, गावाकडच्या बोलीतली केप, लागतेच, आणि ती अंधारात, गारठलेल्या बोटांनी निपलवर (घोड्याखालच्या पोकळ बोंडावर) बसवणे हेच या बंदुकीचे सर्वांत कटकटीचे काम आहे. एवढ्या एका कामासाठी अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मी टोप्या साठवून त्या एकेक करून निपलवर बसवणारा पितळी कॅपर मागवला. तो रिकामाच आणला, कारण टोप्या विमानाच्या सामानात नेता येत नाहीत. त्या येथील परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्याव्या लागतात.

वस्तू साधी आहे. मधल्या बोटापेक्षा थोडी लांब अशी पितळेची सरळ पन्हळ, तिच्यात टोप्यांची एक ओळ, मागून त्यांना पुढे ढकलणारी स्प्रिंगची सरकपट्टी आणि तोंडाशी पहिल्या टोपीला अलगद धरून ठेवणारी दोन लवचिक पाती. घोडा अर्धा चढवायचा, कॅपरच्या तोंडातली टोपी निपलवर सरळ दाबायची आणि कॅपर बाजूला ओढून घ्यायचा. टोपी निपलवर राहते आणि तिच्या जागी पुढची येऊन थांबते. हे सर्व एका हाताने होते आणि टोपीला बोट लागत नाही. हाच कॅपर गोगलगायीच्या शंखासारख्या गोल आकारातही मिळतो. त्यात टोप्या अधिक मावतात, पण बाजूला घोडा असलेल्या आपल्याकडच्या बंदुकीत निपलभोवती जागा अपुरी असते, म्हणून मी सरळ प्रकार निवडला आणि त्याबद्दल समाधानी आहे. ज्यांच्या बंदुकीचा घोडा रुंद आहे, त्यांनी अर्ध्या घोड्यावर निपल आणि घोडा यांच्यामध्ये कॅपरचे तोंड शिरते की नाही, हे घेण्याआधी पाहून घ्यावे.

जाहिरातींत या वस्तूचे कौतुक मुख्यतः वेगासाठी केलेले असते. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो, कारण नळीतून दारू आणि गोळी ठासायला जो वेळ लागतो, त्यापुढे टोपी लावताना वाचलेले क्षण कोणी मोजत नाही. कॅपरचा खरा उपयोग असा, की टोपी अगदी शेवटच्या क्षणापर्यंत बंदुकीवर न लावण्याची सोय होते. पूर्वी आमच्याकडे, आणि आजही अनेक ठिकाणी, माणूस घरूनच बार भरून, टोपी चढवून, घोडा तिच्यावर टेकवून निघतो, कारण राखणीच्या माळ्यावर (मचाणावर) अंधारात ती इवलीशी टोपी चिमटीत धरून लावण्याची त्याला खात्री नसते. बांधावरून उडी मारताना किंवा माळ्याची शिडी चढताना घोड्याला बसलेला धक्का मग थेट टोपीवर जातो. कॅपर गळ्यात असला की टोपी जागेवर बसल्यावर लावता येते आणि निघताना काढून ठेवता येते. अमेरिकेतील अनेक राज्यांत वाहनातून नेताना टोपी किंवा प्रायमर (टोपीचेच काम करणारा, काडतुसात वापरतात तो पेटवणारा भाग) काढलेली ठासणीची बंदूक न भरलेली समजली जाते. आपण मात्र आत दारू आहे तोवर तिला भरलेलीच समजावे आणि नळी कोणाकडेही रोखू नये.

सैन्याला ही अडचण फारशी जाणवली नसावी. ब्रिटिश सैन्याच्या १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची टोपी मोठी आणि काठाला पाकळ्या असलेली होती, त्यामुळे ती हातमोज्यातूनही धरता येई. शिपाई अशा टोप्या कमरेच्या चामडी खिशात ठेवत. आपल्याकडच्या बंदुकींना लागणारी अकरा नंबरची टोपी त्या मानाने बारीक असते. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट १८०७ मध्ये घेतले, ते गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या चकमकीच्या बंदुकीतल्या रंजकाचा (बाहेरच्या पेटवण्याच्या दारूचा) भडका पाहून पक्षी उडून जातात म्हणून. पुढे त्यातूनच आलेली ही टोपी बोटांत धरवेनाशी होईल, याची चिंता त्यांना नसणार.

आता दोष. टोपीचा आकार उत्पादकागणिक बदलतो, आणि कॅपरची पन्हळ ज्या टोपीसाठी घडवलेली असते, तिच्यापेक्षा थोडी उंच किंवा काठ पसरलेली टोपी आत अडकते. माझ्या कॅपरमध्ये एका बनावटीच्या टोप्या सुरळीत सरकतात, तर दुसऱ्या बनावटीच्या तोंडाशी तिरक्या होतात. अडकलेली टोपी खिळ्याने किंवा चाकूच्या टोकाने कधीही उकरू नये, कारण ती नेमकी अशा आघातावरच पेटते. सरकपट्टी मागे घेऊन, कॅपर उलटा करून ती सावकाश बाहेर पडू द्यावी. तोंडाची पातीही वापराने सैल होतात, मग पहिली टोपी आपोआप गवतात पडू लागते. पाती हलकेच आत वाकवल्यास दोष जातो, मात्र हे काम कॅपर पूर्ण रिकामा करूनच करावे. टोप्यांची ओळ एकमेकींना खेटून असते, म्हणून भरलेला कॅपर दारूच्या पिशवीत ठेवणे धोक्याचे आहे. तो वेगळ्या खिशात किंवा दोरीने गळ्यातच असावा.

पेठ आणि इगतपुरीच्या पावसात पितळ लवकर काळवंडते आणि त्यावर हिरवा थर येतो. घरातल्या भांड्यांप्रमाणे त्याला चिंच किंवा पितांबरी लावण्याचा मोह टाळावा, कारण खाचांत राहिलेला ओलावा आणि आंबट अंश टोप्या खराब करतो. तेलही लावू नये; टोपीत तेल उतरले की ती दगा देऊ शकते. कोरड्या कापडाने पुसणे आणि पाऊस असेल तेव्हा टोप्या कॅपरमध्ये रात्रभर न ठेवणे पुरेसे आहे.

कोणी विचारील म्हणून अमेरिकेतील प्रायमर धारकांविषयी थोडे सांगतो. तेथे हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम असतो. बंदूक बनवणारे टोनी नाइट यांची १९८५ ची एमके-८५ ही रायफल गाजल्यापासून घोडा नळीच्या सरळ मागे असलेल्या बंदुका तेथे रुळल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांत आता टोपीऐवजी छऱ्याच्या काडतुसाचा २०९ क्रमांकाचा प्रायमर वापरतात. नाइटच्याच काही रायफलींत हा प्रायमर प्लॅस्टिकच्या छोट्या कवचात बसवून बंदुकीत ठेवतात. त्यामुळे तो हातमोज्यातून धरता येतो, ठिणगी व धूर मागे कमी येतो आणि दुर्बिणीवर काजळी कमी बसते. सीव्हीए या कंपनीच्या पॅरामाउंट रायफलीत धातूचा धारक वापरून त्यात रायफलच्या काडतुसाचा प्रायमर बसवतात. आयडाहोसारख्या राज्यात मात्र ठासणीच्या हंगामात २०९ प्रायमर चालतच नाही, तिथे जुनी टोपी किंवा चकमकच लागते आणि म्हणून पितळी कॅपर अजून उपयोगी पडतो. आपल्याकडच्या, बाजूला घोडा असलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकींना ही प्लॅस्टिकची कवचे बसत नाहीत. कोणी तशी विकत असल्यास घेऊ नयेत.

मी मागवला तेव्हा किंमत तेथे साधारण वीस ते तीस डॉलर होती, आणि आणणारा ओळखीचा असेल तर खर्च तेवढाच. मागवताना विक्रेत्याला अकरा नंबरची टोपी, सरळ प्रकार आणि अरुंद तोंड एवढे स्पष्ट सांगावे, आणि जमल्यास सोबत एक जादा स्प्रिंग मागून घ्यावी.